फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि विजेचं बिल: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यातल्या गावांत फ्रिज दुरुस्तीसाठी जाणं होतं. मार्च लागला की फोन आणि मेसेज वाढतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. आपल्याकडे फ्रिज घेताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: कॉम्प्रेसर कोणत्या जातीचा आहे, मे महिन्यात घर किती तापतं आणि डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) व्होल्टेज किती येतं. दुकानात पहिल्या गोष्टीवरच सगळं बोलणं होतं. बाकीच्या दोन धरल्या नाहीत तर महागडा कॉम्प्रेसरही वीज वाचवत नाही.

१. कॉम्प्रेसर करतो काय? थंडी तयार करतो का?

थंडी तयार होत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकली जाते. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला गॅस तापतो, मागच्या किंवा बाजूच्या जाळीत उष्णता सोडून द्रव होतो, केसासारख्या बारीक कॅपिलरीतून आत जातो आणि तिथे कमी दाबावर उकळताना आतली उष्णता शोषतो. मग पुन्हा कॉम्प्रेसरकडे. सिंगल डोअर फ्रिजमध्ये जवळपास सगळी वीज कॉम्प्रेसरच खातो. फ्रॉस्ट फ्री डबल डोअरमध्ये आतला पंखा आणि बर्फ वितळवणारा हीटरही वीज घेतात, हे पुढे तुलना करताना लक्षात ठेवा.

२. फ्रिजचे कॉम्प्रेसर किती प्रकारचे असतात?

घरगुती फ्रिजमध्ये मुख्य तीन. पहिला साधा पिस्टनवाला: बंद लोखंडी डब्यात मोटर, क्रँक (मोटरचं गोल फिरणं पुढे-मागे करणारा वाकडा दांडा) आणि पिस्टन. तो एकाच वेगाने फिरतो, मिनिटाला साधारण २९०० फेरे, कारण आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे आणि मोटर तिलाच बांधलेली आहे. थर्मोस्टॅट त्याला चालू-बंद करतो, इतकंच.

दुसरा इन्व्हर्टर. यातही बहुतेक वेळा पिस्टन आणि क्रँकच असतो, बदललेली असते ती मोटर. ती कायम चुंबकाची असते आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड तिला हवी तेवढी फ्रिक्वेन्सी बनवून देतं. त्यामुळे ती बाराशे फेऱ्यांपासून साडेचार हजारांपर्यंत गरजेप्रमाणे फिरते.

तिसरा लिनियर. यात क्रँकच नसतो, चुंबकाच्या ओढीने पिस्टन सरळ पुढे-मागे होतो (प्रश्न ११). एसीमध्ये चालणारा रोटरी फ्रिजमध्ये क्वचितच दिसतो, तो का, ते प्रश्न १२ मध्ये.

३. इन्व्हर्टरवाला तर चोवीस तास सुरूच राह्यते. मंग तो वीज वाचवते कसा?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि शंका रास्त आहे. मीटर किती वेळ चाललं ते मोजत नाही. किती वॅट किती वेळ घेतले, त्याचा गुणाकार मोजतं. साधा कॉम्प्रेसर १०० वॅट घेऊन अर्धा वेळ चालला तर सरासरी ५० वॅट. इन्व्हर्टर ३५ वॅटवर अखंड चालला तरी सरासरी ३५.

पण तेवढंच काम कमी विजेत होतं कसं? कारण तीन आहेत आणि पहिलं सगळ्यात मोठं आहे.

कॉम्प्रेसर हळू फिरला की जाळीला एका वेळी थोडीच उष्णता सोडावी लागते. जाळी तेवढीच मोठी, उष्णता कमी, म्हणून जाळी खोलीपेक्षा फार तापत नाही. आतलं कॉइलही (गॅस उकळतो ती आतली नळी) गरजेपेक्षा जास्त गार होत नाही. बाहेरचा दाब आणि आतला दाब यांतलं अंतर कमी राहतं, आणि गॅसला जितकं कमी अंतर चढवायचं तितकी वीज कमी. साध्या कॉम्प्रेसरला हे जमत नाही. चालू झाला की पूर्ण ताकदीनेच चालतो, हिवाळ्याची रात्र असो की नवतपा.

दुसरं कारण चालू-बंद होण्यातलं नुकसान. कॉम्प्रेसर थांबला की जाळीतला गरम गॅस कॅपिलरीतून आत शिरतो आणि बाहेर काढलेली थोडी उष्णता परत आत नेतो. पुढच्या वेळी दाबाचं अंतर पुन्हा शून्यातून बांधावं लागतं. दिवसभरात असं कितीतरी वेळा होतं.

तिसरं कारण मोटर. साध्या इंडक्शन मोटरच्या रोटरमध्ये करंट वाहतो आणि त्याची उष्णता होते. कायम चुंबकाच्या रोटरमध्ये ते नुकसान जवळपास नाही.

४. दुकानदार म्हणते अर्धं बिल वाचते. खरंच?

‘५० टक्क्यांपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ हा शब्द फार महत्त्वाचा. फ्रिजचा आकार, इन्सुलेशन आणि वापर सारखा धरला तर साधारण पाव ते तिसरा हिस्सा बचत धरावी. आणि ती फ्रिजच्या विजेवरची बचत आहे, घराच्या अख्ख्या बिलावरची नाही.

रुपयांत किती, हे तुमच्या स्लॅबवर आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त, आणि १०१ पासून ३०० पर्यंतची जवळपास दुप्पट दराने. फ्रिजने वाचवलेली युनिटं सगळ्यात वरच्या स्लॅबमधून कमी होतात. समजा एका फ्रिजच्या लेबलवर वर्षाला १५० युनिटं आहेत आणि दुसऱ्यावर २२०. फरक ७० युनिटांचा. महिन्याला १३०-१४० युनिटं जाळणाऱ्या घरात वरचा दर ११ रुपये धरला तर वर्षाला ७७० रुपये वाचतात. किमतीत तीन हजारांचा फरक असेल तर चार वर्षांत वसूल. पण ज्या घरी महिन्याला ७०-८० युनिटंच लागतात, तिथे ६ रुपयांनी तीच बचत ४२० रुपये होते आणि वसुलीला सात वर्षं लागतात. दोन्ही घरांना एकच सल्ला देणं बरोबर नाही. हा हिशेब आपल्या बिलावरचा दर घालून दुकानात जाण्याआधी घरीच करून पाहा.

५. स्टार पाहायचे की इन्व्हर्टर पाहायचा?

दोन्हींच्या आधी लेबलवरचा वर्षाचा युनिटांचा आकडा पाहा. बीईईचं (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार लेबल २००६ पासून सुरू आहे, त्यावर तारे, वर्षाची युनिटं आणि ते कोणत्या काळासाठी वैध आहे हे छापलेलं असतं. काळ पाहणं महत्त्वाचं, कारण ताऱ्यांचा तक्ता मधूनमधून कडक केला जातो आणि जुन्या लेबलवरचे पाच तारे आजच्या पाचांच्या बरोबरीचे नसतात. गोदामात राहिलेला जुना माल ‘फाइव्ह स्टार’ म्हणून खपवला जातो तो इथेच.

दुसरी मेख: डायरेक्ट कूल (ज्यातला बर्फ आपण वितळवावा लागतो) आणि फ्रॉस्ट फ्री (ज्यात तो आपोआप वितळतो) यांचे तक्ते वेगळे आहेत. तीन तारे दोघांवरही असतील, पण तितक्याच लिटरचा फ्रॉस्ट फ्री सहसा जास्त युनिटं घेतो. इन्व्हर्टर नसलेला एखादा चांगल्या इन्सुलेशनचा डायरेक्ट कूल फ्रिज इन्व्हर्टर फ्रॉस्ट फ्रीपेक्षा कमी वीज घेतो, असं अनेकदा दिसतं. चार-पाच माणसांच्या घराला बर्फ आपोआप वितळण्याची सोय खरंच हवी आहे का, हे आधी ठरवा.

६. आमच्याकडं मेमध्ये पंचेचाळीसच्या वर जाते. तेव्हा बी इन्व्हर्टरचा फायदा राह्यते काय?

राहतो, पण घटतो. ही गोष्ट जाहिरातीत कुठेच सांगत नाहीत, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानात, दार बंद ठेवून काढलेला असतो. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याची मेमधली दुपार त्यात नाही. आता गणित पाहा. फ्रिजच्या आत ४ अंश आणि खोलीत ३२ असेल तर फरक २८ अंशांचा. खोली ४६ वर गेली की फरक ४२. भिंतींतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती दीडपट झाली. शिवाय ती बाहेर टाकणंही महाग झालं. आतलं कॉइल उणे २५ वर आणि जाळी ४५ वर असताना आदर्श यंत्र एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता उचलतं. जाळी ६० वर गेली की तेच २.९ वर येतं. खरी यंत्रं याच्या निम्म्याच्या आसपास असतात, पण घसरण तशीच होते. दीडपट उष्णता आणि तिचं प्रत्येक युनिट उचलायला पाचव्या हिश्शाने जास्त वीज, म्हणून एकूण खर्च पावणेदोन पटीच्या वर. मेचं बिल पाहून मीटरवर संशय घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी पाहावा.

अशा दिवसांत साधा कॉम्प्रेसर थांबतच नाही, त्यामुळे चालू-बंदचं नुकसानही उरत नाही. इन्व्हर्टरलाही वेग वाढवावाच लागतो, म्हणजे हळू चालण्याचा फायदा गेला. उरतो तो मोटरचा फायदा, आणि एक जमेची बाजू: इन्व्हर्टर २९०० फेऱ्यांच्या वर जाऊ शकतो, त्यामुळे पाहुणे आल्यावर दार सारखं उघडलं तरी फ्रिज लवकर सावरतो. खरी बचत होते ती पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या रात्रींत.

घेताना फ्रिजच्या मागच्या किंवा आतल्या प्लेटवर क्लायमेट क्लास पाहा. ‘टी’ लिहिलेलं असेल तर तो ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला आहे, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘एन’ फक्त ३२ पर्यंत. विदर्भात ‘टी’ सोडून दुसरा घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी.

७. फ्रिज ठेवावा कुठं? कूलरच्या खोलीत चालते काय?

चालतो, आणि बहुतेक घरांत तीच चांगली जागा असते. टिनाच्या छपराखाली दुपारी खोली बाहेरपेक्षाही तापते. कूलर असलेली खोली तिच्यापेक्षा कितीतरी गार राहते आणि प्रश्न ६ मधला सगळा हिशेब तुमच्या बाजूने वळतो. कूलरच्या ओल्या हवेने डायरेक्ट कूलमध्ये बर्फ लवकर साचतो, हे खरं. बोटाच्या पेराएवढा थर झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा, चाकूने खरवडू नका. खरवडताना कॉइलला भोक पडून गॅस गेलेले फ्रिज दर उन्हाळ्यात येतात. आणि कूलरचा झोत थेट फ्रिजवर नको, पाण्याचे तुषार मागच्या वायरिंगवर जातात.

भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. ज्या फ्रिजला मागे जाळी दिसत नाही, त्याची जाळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते. म्हणून बाजू गरम लागतात आणि तिथे गव्हाचं पोतं टेकवलं की जाळीच झाकली जाते. मागची जाळी असेल तर वर्षातून दोनदा, विशेषतः कापूस घरात भरून ठेवत असाल तर, ब्रशने झाडा. कापसाची मऊ धूळ जाळीवर गादीसारखी बसते. कोणत्याही जातीचा कॉम्प्रेसर असो, फुकटात वीज वाचवणारं हे एकच काम आहे.

८. संध्याकाळी व्होल्टेज १६० वर येते. कोणता कॉम्प्रेसर टिकंल?

इन्व्हर्टर, यात मला शंका नाही. मोटरची सुरू होण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १६० आले की साध्या मोटरची ताकद निम्म्याहून कमी उरते. पिस्टन हलत नाही, मोटर घुंऽऽ करत राहते आणि चालू करंटच्या कितीतरी पट करंट ओढते. मग ओव्हरलोड (करंट वाढला की वीज तोडणारा छोटा भाग) ‘टक्’ करून तोडतो, दोन-चार मिनिटांनी पुन्हा जोडतो, पुन्हा घुंऽऽ आणि पुन्हा टक्. रात्रभर हे चाललं की वाइंडिंग जळतं. तोवर थंडावा शून्य आणि वीज मात्र जात असते.

इन्व्हर्टरचं बोर्ड आधी विजेचं डीसी करतं आणि मग मोटरला हळूहळू वेग देतं, त्यामुळे सुरुवातीचा झटका नसतो आणि कमी व्होल्टेजही बऱ्यापैकी चालतं. किती कमी, हे मॉडेलवर आहे. पुस्तिकेत ‘स्टॅबिलायझर फ्री’पुढे व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते, तीच खरी.

९. मंग इन्व्हर्टर फ्रिजला स्टॅबिलायझर लागतच नाही ना?

कमी व्होल्टेजसाठी बहुतेकदा नाही. जास्त व्होल्टेजसाठी मात्र संरक्षण ठेवा. गावात डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं आणि बोर्ड क्षणात जातं. मृगाच्या आधीच्या वळवाच्या पावसात विजा पडतात, त्यांचाही धोका आहे. हाय कट (व्होल्टेज फार वाढलं की वीज तोडण्याची सोय) असलेलं उपकरण लावा आणि आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

आर्थिंगकडेही पाहा. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि आर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणजे ऐन विजांच्या आधी आर्थिंग निकामी झालेलं असतं. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी टाकत राहा.

साध्या कॉम्प्रेसरला स्टॅबिलायझर हवाच, तोही टाइम डिले असलेला. लाइन जाऊन लगेच आली तर दोन्ही बाजूंचा दाब समान झालेला नसतो आणि कॉम्प्रेसर अडतो. तीन ते पाच मिनिटांची उसंत त्याला लागते.

१०. इन्व्हर्टर फ्रिज म्हणजे लाइन गेल्यावर बी चालणारा ना?

नाही. त्यात बॅटरी नसते. घरात बॅटरीवाला इन्व्हर्टर वेगळा असेल तर त्यावर हा फ्रिज साध्यापेक्षा खूप सोपा चालतो, कारण सुरुवातीचा झटका नाही (प्रश्न ८). घरचा इन्व्हर्टर साइन वेव्ह (लाइनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) असावा. स्क्वेअर वेव्हवर साध्या कॉम्प्रेसरची मोटर तापते आणि आवाज करते.

११. लिनियर कॉम्प्रेसर घ्यावा काय? म्हणतात सगळ्यात भारी.

कल्पना सुंदर आहे. क्रँक नाही, त्यामुळे पिस्टनवर बाजूचा दाब येत नाही आणि घर्षण घटतं. स्प्रिंग आणि चुंबकाच्या जोरावर पिस्टन सरळ धावतो आणि त्याची धाव कमी-जास्त करून थंडावा सांभाळला जातो. एलजीने २००१ पासून घरगुती फ्रिजमध्ये तो आणला. कमी भारावर तो चांगल्या इन्व्हर्टर पिस्टनच्या बरोबरीने किंवा थोडा पुढे असतो.

पण तो मोठ्या, महाग फ्रिजमध्येच मिळतो, आणि बिघडला तर तालुक्याच्या गावात हात घालणारा माणूस मिळणं कठीण. सुटा भाग नागपूरहून यायचा आणि तोवर भर मेमध्ये फ्रिज बंद. त्यापेक्षा ज्याचं बोर्ड तालुक्याला मिळतं असा इन्व्हर्टर पिस्टन घ्या, असं मी सांगतो.

१२. एसीत रोटरी चालते तर फ्रिजमध्ये काऊन नाही?

फ्रिजला एसीपेक्षा दाबाचं खूप मोठं गुणोत्तर (बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या किती पट) सांभाळावं लागतं, कारण आत उणे तापमान हवं असतं. छोट्या रोटरीत त्या गुणोत्तराला गळती आणि झीज वाढते, शिवाय तिचा डबाच गरम गॅसने भरलेला असतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९८६ मध्ये फ्रिजसाठी रोटरी आणली. पावडर धातूपासून बनवलेले भाग उष्णतेत लवकर झिजले, दहा लाखांवर कॉम्प्रेसर बदलावे लागले आणि १९८८ मध्ये कंपनीला ४५ कोटी डॉलरचा भुर्दंड पडला. घरगुती फ्रिजमध्ये पिस्टन टिकून राहिला तो उगीच नाही.

१३. गॅसचा आणि विजेचा काही संबंध आहे का? आर-६००ए चांगला की आर-१३४ए?

आहे. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद. त्यावर चालणारा कॉम्प्रेसर कमी दाबावर काम करतो, शांत असतो आणि त्याची कार्यक्षमताही सहसा चांगली असते. वातावरण तापवण्यात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे, आयसोब्युटेन अगदी नगण्य. फ्रिजमध्ये आयसोब्युटेन शंभर ग्रॅमहून कमीच असतो.

पण तो जळतो. म्हणून अशा फ्रिजवर गॅस काढल्याशिवाय वेल्डिंगची नळी लावू देऊ नका, आणि दुरुस्ती उघड्या ओसरीत होऊ द्या. आर-१३४एच्या कॉम्प्रेसरमध्ये आर-६००ए भरून ‘वीज वाचते’ सांगणारे भेटतील. दोन्हींचं पिस्टनचं माप वेगळं असतं आणि रिले-ओव्हरलोडही आगीच्या दृष्टीने वेगळे, तेव्हा ते करू नका.

एक बारीक गोष्ट: आर-६००एच्या फ्रिजमध्ये आतल्या बाजूचा दाब हवेच्या दाबापेक्षाही कमी असतो. तिथे भोक पडलं तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आणि ओल आत ओढली जाते. फ्रिज चालू दिसतो, बिल वाढतं, थंडावा घटतो. म्हणून नुसता गॅस ‘टॉपअप’ करून भागत नाही. लीक शोधायचा, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) बदलायचा, व्हॅक्यूम काढायचा आणि वजन करून गॅस भरायचा. अंदाजाने जास्त भरलेला गॅस कमी गॅसइतकाच वीज खातो. मेकॅनिककडे वजनकाटा आहे का, हे आधी विचारा.

१४. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जळाला. नवा टाकू, की त्यात इन्व्हर्टर बसवता येते?

थर्मोस्टॅटवरच चालतील अशी इन्व्हर्टर कॉम्प्रेसरची बोर्डं असतात, त्यामुळे अशक्य नाही. पण कॅपिलरी आणि गॅसचं प्रमाण जुळवावं लागतं, आणि जुन्या फ्रिजचं इन्सुलेशन व दाराचं रबर थकलेलं असेल तर नव्या कॉम्प्रेसरची बचत तिथूनच गळून जाते. फ्रिज दहा वर्षांच्या आतला असेल आणि इन्सुलेशन चांगलं असेल तर त्याच मापाचा नवा साधा कॉम्प्रेसर टाका. त्याहून जुना असेल तर तो पैसा नव्या फ्रिजमध्ये घाला.

डबा कापून रिवाइंड केलेला ‘रीकंडिशन’ कॉम्प्रेसर मात्र टाकू नका. तो सुरू होतो, थंडही करतो, पण झिजलेल्या पिस्टनने तेवढ्याच थंडाव्याला जास्त वेळ चालतो. स्वस्तात घेतलेला असा कॉम्प्रेसर दर महिन्याच्या बिलात वसूल होत राहतो.

१५. नवा फ्रिज घेतला, तरी बिल काऊन वाढलं? मोजायचं कसं?

आधी खरंच फ्रिजनेच वाढवलं का, ते पाहा. मेमध्ये कूलर आणि पंखेही जास्त चालतात. सोपी रीत: लग्नाला किंवा शेगावला दोन दिवस जाणार असाल तेव्हा फ्रिज सोडून सगळं बंद करा, निघताना आणि आल्यावर मीटरचं रीडिंग लिहा. फरक भागिले दिवस. दार बंद असतानाचा हा आकडा आहे, रोजच्या वापरात तो थोडा वाढेल.

घाई असेल तर मीटरचा लाल दिवा मोजा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, अनेकांवर ३२०० असतं. घरातलं बाकी सगळं बंद करून, कॉम्प्रेसर चालू असताना दहा मिनिटं मोजा. ३२०० च्या मीटरवर ५३ वेळा लुकलुकला तर फ्रिज १०० वॅट घेतो आहे, २१ वेळा असेल तर ४० वॅट. इन्व्हर्टर फ्रिज रात्री, दार तासभर बंद ठेवूनही पूर्ण वेगाने चालत असेल तर दाराचं रबर, जाळी आणि गॅस या क्रमाने तपासा. रबरासाठी नोट दारात धरून दार लावा. ओढल्यावर सहज निघाली तर रबर गेलं.

१६. दहा वर्षांची वॉरंटी असते म्हणतात. मंग बोर्डाचे पैसे काऊन मागतात?

कारण ती वॉरंटी बहुधा कॉम्प्रेसरची असते. बोर्ड, गॅस आणि मजुरी तिच्यात आहेत की नाही, हे कार्डावर वाचूनच घ्या. आपल्याकडे इन्व्हर्टर फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरपेक्षा बोर्डच जास्त जातं, आणि त्यामागे व्होल्टेजइतक्याच मुंग्या आणि पाली असतात. गरम जागेत त्या घर करतात आणि सर्किट जोडून टाकतात. मागचं झाकण नीट बंद आहे का, ते वर्षातून एकदा पाहा.

१७. दिवाळीनंतर फ्रिज बंदच ठेवतो. रात्री रोज बंद केला तर अजून वाचंल का?

महिनोन्‌महिने लागत नसेल तर बंद ठेवा. रिकामा करा, पुसा, दार बोटभर उघडं ठेवा. रोज रात्री बंद करण्यात मात्र अर्थ नाही. रात्रीच सगळ्यात कमी वीज लागते आणि सकाळी तो सगळं पुन्हा थंड करायला पूर्ण ताकदीने चालतो. दूध नासलं तर नुकसान वेगळंच.

थंडीतली एक अडचण सांगून ठेवतो. गोंदिया, नागपूरकडे डिसेंबरच्या रात्री खोली १६ अंशांच्या खाली गेली की काही डबल डोअर फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर फारच कमी चालतो आणि फ्रीजरमधलं बर्फ मऊ पडतं. तो बिघाड नाही. मेकॅनिकला बोलावून गॅस भरून घेऊ नका.

१८. किराणा दुकानात आइस्क्रीमचा डीप फ्रीजर आहे. त्यालाही हेच लागू?

बरंचसं. फरक असा की इथे आतलं तापमान खूप खाली असल्याने जाळीची धूळ आणि दुकानाची उष्णता आणखी महाग पडते. वरून उघडणारा फ्रीजर दार उघडलं तरी थंड हवा सांडत नाही, म्हणून समोर काच असलेल्या उभ्या कूलरपेक्षा तो वीज कमी घेतो. दिवसभर गिऱ्हाईक असेल तर इन्व्हर्टरची वसुली घरच्या फ्रिजपेक्षा लवकर होते. वसुलीचा हिशेब प्रश्न ४ प्रमाणेच, फक्त दर व्यापारी धरा.

१९. हॉटेलातला बिनआवाजाचा छोटा फ्रिज कॉम्प्रेसरशिवाय चालते म्हणे. तो कमी वीज घेते का?

उलट, तितक्याच थंडाव्याला जास्त घेतो. काही फ्रिज उष्णतेवर चालतात, अमोनिया-पाण्याची रीत, स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये काढलेली. वीज नव्हती तिथे ती केरोसीनवर चालली, हीच तिची खरी जागा. बॅटरीवरचे छोटे डबे पेल्टिअरवर (वीज वाहिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी चकती) चालतात. ते खोलीपेक्षा साधारण १५-२० अंशच खाली आणतात, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात पाणी फ्रिजसारखं गार होत नाही.

२०. आमच्या पाड्यावर लाइन दिवसाला आठ-दहा तासच राह्यते. कोणता कॉम्प्रेसर चालंल?

इथे कॉम्प्रेसरच्या जातीपेक्षा थंडावा साठवण्याची सोय जास्त मोलाची. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवायला आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर असतो, तो पाहून या. भिंतींच्या आत बर्फाचा थर असतो, त्यामुळे २४ तासांत ८ तास वीज मिळाली तरी आत २ ते ८ अंश टिकून राहतं. घरच्या फ्रिजमध्ये हेच थोड्या प्रमाणात करता येतं: फ्रीजर रिकामा ठेवू नका, पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून गोठवा आणि लाइन गेल्यावर त्यातल्या दोन खालच्या कप्प्यात ठेवा. अशा गावात इन्व्हर्टरचा फायदा कमी होतो, हे खरं. लाइन आली की त्याला हळू चालायला वेळच मिळत नाही, आठ तासांत दिवसभराचं काम उरकायचं असतं. व्होल्टेजसाठी मात्र तो तरीही बरा.

सोलर पॅनेल लावणार असाल तर १२ किंवा २४ व्होल्टवर थेट चालणारे डीसी कॉम्प्रेसरचे फ्रिज मिळतात. त्यांचीही मोटर बदलत्या वेगाची असते आणि मधल्या इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वाचते. लसींसाठी तर बॅटरीशिवाय, थेट पॅनेलवर चालणारे फ्रिज वापरात आहेत, उन्हात बर्फ करून ठेवायचा आणि रात्र त्यावर काढायची. घरगुती वापरासाठी डीसी फ्रिज आज महाग पडतात. पण जिथे तारच धड येत नाही, तिथे किमतीची तुलना साध्या फ्रिजशी करू नका. नासलेलं दूध आणि तालुक्याहून रोज आणलेला बर्फ यांचा वर्षाचा खर्च काढा आणि त्याच्याशी करा.